हार नको, क्षार काढा

‘मशीन बिघडलं’ हे वाक्य हल्ली माझ्या डोक्यात जातं. कॉफी मशीनबद्दल कोणी म्हणालं की जरा जास्तच. कारण बिघडलं म्हणून माळ्यावर गेलेल्या मशीनची नीट चौकशी केली, की बहुतेक वेळा कळतं की ते बिघडलेलं नव्हतंच मुळी. तुंबलं होतं. बिघडणं वेगळं आणि तुंबणं वेगळं. मोरी तुंबली म्हणून कोणी घर विकायला काढत नाही. कॉफी मशीन तुंबलं की मात्र आपण लगेच नवीन मशीनच्या किमती बघायला लागतो!

तर मंडळी, आजचं लिखाण जरा तावातावाने होणार आहे. ज्यांना शांत, चिंतनपर वगैरे वाचायचं असेल त्यांनी आज सरळ चहा घ्यावा. :)

जव्हारात कॉफी मशीन कशाला, असं विचारणारे नातेवाईक आमच्याकडे भरपूर आहेत. इथे चालतो तो चहा, आणि पाड्यांवर तर कोरा चहा. मान्य. पण मुंबईच्या मावसभावाने नवीन मशीन घेतलं म्हणून त्याचं जुनं आमच्याकडे आलं, आणि गेली सहा वर्षं ते रोज सकाळी बिनतक्रार चालतंय. दादाला याचंच आश्चर्य! दर फोनला विचारतो, "अजून चालू आहे? तिकडे कसं काय टिकलं रे?" दादाचा हेतू वाईट नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या ‘तिकडे कसं काय’मध्ये जे दडलंय ना, त्याच्याशी माझं भांडण आहे.

कारण हेच वाक्य मी इकडेही ऐकतो. इथल्याच एका कार्यालयात (नाव नको) पाहुण्यांसाठी म्हणून चांगलं महागडं मशीन आलं. सुरुवातीला कौतुक झालं. वर्ष सरायच्या आत कॉफी कोमट यायला लागली, धार बारीक झाली, मशीन घरघरायला लागलं आणि एक दिवस बंद. वर प्लॅस्टिकचं कव्हर आणि ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी. मी कव्हर उचलून पाहिलं तर पुढच्या एका लाल दिव्यावर कोणीतरी काळी चिकटपट्टी लावलेली! विचारलं तर म्हणाले, तो दिवा सारखा लुकलुकायचा, डोळ्यांना त्रास व्हायचा. आता तो दिवा होता कशाचा? आत क्षार साचलेत, ते काढा, हे सांगणारा. म्हणजे मशीन बिचारं जीव तोडून सांगत होतं आणि आपण त्याच्या तोंडाला पट्टी लावली. वर निष्कर्ष काय, तर "या भागात असल्या वस्तू टिकत नाहीत."

या भागात म्हणजे काय हो? या भागातल्या पाण्याने, की या भागातल्या माणसांनी घोडं मारलंय? एकेक करून बघू.

आधी पाणी. पावसाचं पाणी पडतं तेव्हा मऊच असतं, मग ते जव्हारात पडो की जुहूला. जमिनीत मुरताना त्यात मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळतो आणि ते किंचित आंबट होतं. हे आंबटसर पाणी आमच्या काळ्या कातळाच्या भेगांमधून फिरतं, तेव्हा कातळातलं थोडं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेतं. शाळेत आपण ज्याला ‘दुष्फेन पाणी’ म्हणून घोकलं, ते हेच. घरातली बाई त्याला साधं ‘जड पाणी’ म्हणते, आणि तिला ते प्रयोगशाळेच्या आधी कळतं. साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ शिजायला वेळ घेते.

हे पाणी तापवलं की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियमचा कार्बोनेट होऊन तळाशी, कडेला बसतो. खडूमध्ये, चुनखडीत असतो तोच पदार्थ. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याचं मात्र उलटं आहे. पाणी जितकं गरम तितका हा जास्त बसतो. म्हणजे नेमका जिथे मशीनला पाणी तापवायचंय, तिथेच हा दगड तयार होतो. पातेल्यात बसला तर दिसतो, घासून निघतो. कॉफी मशीनमध्ये तो बसतो बारीक नळ्यांच्या आत.

हिशेबच करू या. समजा बोअरच्या पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम कठीणपणा आहे आणि घरात रोज लिटरभर पाण्याची कॉफी होते. महिन्याला नऊ ग्रॅम झाले, वर्षाला शंभराच्या वर. सगळं काही आत बसत नाही, बरंचसं कपात जातं. पण निम्मं जरी बसलं तरी वर्षाला पन्नास ग्रॅम दगड, आणि तोही काही मिलिमीटर रुंदीच्या वाटेत! त्यातून हा थर उष्णता धड पुढे जाऊ देत नाही. तांब्याशी तुलना केली तर शंभर पटींहून अधिक फरक पडतो. म्हणून तापवणारा भाग जास्त तापतो, पाणी कमी तापतं, पंप जोर लावून लावून थकतो. कॉफीला साधारण ९० ते ९६ अंशांचं पाणी लागतं. ते मिळालं नाही की चव पांचट. मग आपण म्हणतो, कॉफीची पूडच बरोबर नाही!

आता कोणी म्हणेल, मग पाणीच खराब ना तुमचं? नाही. जड पाणी आणि खराब पाणी यांत फरक आहे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, लिटरमागे २०० मिलिग्रॅम कठीणपणा सहज मान्य करतं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. माणसाला चालणारं पाणी मशीनला त्रास देतं, एवढंच. मशीनचे लाड करायचे असतील तर ते आपण करायचे, विहिरीने नाही.

आणि आता मुंबईच्या दादाकडे वळतो. (दादा, वाचतोयस ना?) तो म्हणतो, "आम्ही पाच वर्षांत एकदाही क्षार काढले नाहीत. काही झालं नाही." बरोबर आहे. कारण मुंबईच्या नळाला येतं ते तलावांचं पाणी. पावसाचं, कातळात फारसं न मुरता धरणात साठलेलं, म्हणून मऊ. आणि त्यातलं बरंचसं येतं कुठून? वैतरणेतून. मध्य वैतरणा धरण बांधलंय ते मोखाडा तालुक्यात, कोचाळ्याला. २०१४ साली ते पूर्ण झालं आणि मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर जादा पाणी मिळायला लागलं. त्याच वर्षी १ ऑगस्टला आमचा पालघर जिल्हा झाला. आम्हाला जिल्हा मिळाला, मुंबईला पाणी!

म्हणजे बघा. पाऊस आमच्याकडे पडतो, अडीच हजार मिलिमीटरच्या वर. ते मऊ पाणी शंभर किलोमीटर प्रवास करून दादाच्या मशीनमध्ये जातं. आणि त्याच मोखाड्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटी-वाटीने पाणी भरतात, टँकरची वाट बघतात. जव्हार गावाची गोष्ट त्या मानाने सुखाची. संस्थानाच्या काळापासूनचा जयसागर आहे, नळ आहेत. तरी आमच्या घरात उन्हाळ्यात बोअरवर भिस्त असतेच. तेव्हा दादा, तुझं मशीन पाच वर्षं टिकलं यात तुझ्या टापटिपीचा वाटा किती आणि वैतरणेचा किती, याचा एकदा विचार कर. आणि ‘तिकडे काही टिकत नाही’ हे म्हणण्याआधी दोनदा कर.

बरं, यावर लगेच येणारा सल्ला म्हणजे "आरओ लावून टाका." शहरातल्या लोकांचा हा रामबाण. साध्या घरगुती आरओमध्ये एक लिटर गाळलेल्या पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत जातं. जिथे हंडा डोक्यावरून येतो तिथे हे पाप आहे, असं मी स्पष्ट म्हणतो. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ साली सांगितलं होतं की पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तिथे आरओवर बंदी घाला. शिवाय अगदी कोरडं ठाक, क्षारविरहित पाणी कॉफीलाही मानवत नाही. चव उतरायला पाण्यात थोडे क्षार लागतात. म्हणजे दोन चमचे पूड वाचवण्यासाठी बादल्या ओतायच्या आणि कॉफीही बेचव प्यायची. वा!

दोन चमचे पूड म्हणतोय ती लिंबूसत्त्वाची, म्हणजेच सायट्रिक ॲसिडची. वाण्याकडे मिळते. ढोकळ्यात, सरबतात घालतो तीच. मी काय करतो ते सांगतो, म्हणजे ‘फार किचकट असतं हो’ हा बहाणाही निकालात निघेल.

लिटरभर कोमट पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम लिंबूसत्त्व पूर्ण विरघळवायचं. मशीनमध्ये कॉफी नाही, खाली मोठं भांडं. मशीनला क्षार काढण्याचं बटण असेल तर ते दाबायचं, नसेल तर टाकीतलं अर्धं पाणी थोडं थोडं करून सोडायचं आणि मशीन बंद करून वीस मिनिटं तसंच ठेवायचं. मग उरलेलं सोडायचं. वाफेची नळी असेल तर तिच्यातूनही. त्यानंतर साध्या पाण्याच्या दोन-तीन टाक्या सोडून आतलं सगळं धुऊन काढायचं. झालं. तासभर लागतो, त्यातला पाऊण तास तुम्ही पेपर वाचू शकता. वापरलेलं पाणीही फुकट जात नाही. त्यानेच मी बाथरूमच्या नळावरचे पांढरे डाग काढतो.

दहा ग्रॅम क्षार विरघळायला साधारण चौदा ग्रॅम लिंबूसत्त्व लागतं. म्हणजे बोअरचं पाणी वापरत असाल तर दोन महिन्यांतून एकदा पुरे. पावसाळ्यात नळाचं मऊ पाणी असेल तर नाही केलं तरी चालतं. आणि वर्षभर काहीच केलं नसेल तर एका खेपेत चमत्कार होणार नाही, दोन-तीन खेपा घाला.

काही पथ्यं मात्र आहेत. द्रावण उकळतं आणि अतिदाट करू नका. त्यातून कॅल्शियमचा सायट्रेट तयार होऊन तोच पुन्हा आत बसतो. संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही नाही. बऱ्याच मशीनच्या आत ॲल्युमिनियम असतं, ते खाऊन टाकेल, आणि उरलंसुरलं तुमच्या पोटात जाईल. लिंबूसत्त्वात खायचा सोडा घालून फस्स करून दाखवणारे महाभाग असतात, त्यांच्या नादी लागू नका. तो फेस म्हणजे आंबट आणि सोडा एकमेकांना मारताहेत, क्षाराला कोणी हातही लावत नाही. व्हिनेगरने काम होतं, पण वास आठवडाभर जात नाही. आणि कॉफीचं चिकट तेल, दुधाची साय या गोष्टी आंबटाने जात नाहीत, त्या वेगळ्या धुवाव्या लागतात.

कंपनीचंच द्रावण हवं का? मशीन हमीच्या मुदतीत असेल तर त्यांच्या पुस्तकात लिहिलंय तेच वापरा, उगाच वाद नकोत. पण त्या बाटलीत अमृत असतं असं काही नाही. बऱ्याच बाटल्यांत लॅक्टिक ॲसिड असतं, जे आपल्या दह्यात असतं. काहींत सल्फॅमिक. दगड विरघळवायला आंबट लागतं, ही गोष्ट कुठल्या कंपनीने शोधून काढलेली नाही. आपल्या आज्यांनी तांब्याचे हंडे आणि बंब चिंच लावून, आमसूल लावून आयुष्यभर घासले. ते काय वेगळं होतं?

आणि इथेच माझा खरा मुद्दा आहे. तांब्याचा हंडा काळा पडला म्हणून आजीने कधी ‘हंडा बिघडला’ म्हटलं नाही. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली म्हणून पातेलं भंगारात गेलं नाही; कल्हईवाला दारावर यायचा, त्याचा भाता सुरू व्हायचा आणि पातेलं पुन्हा चकचकीत. घासणं, कल्हई करणं हा त्या वस्तूचाच भाग होता. वस्तू घेतली म्हणजे तिची उस्तवारही घेतली. मशीन आलं आणि आपण समजूत करून घेतली की बटण दाबणं आपलं काम, बाकी कोणाचंच नाही. त्या कार्यालयात मी विचारलं होतं, "क्षार काढायचं काम कोणाकडे आहे?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मशीनच्या खरेदीच्या कागदावर सह्या चार जणांच्या. दोन महिन्यांतून एकदा लागणाऱ्या तासाभरासाठी एकाचंही नाव नाही!

माणसांचा दोष आहे का मग? ‘या भागातली माणसं’ म्हणून जे नाक मुरडतात त्यांना हातपंपाची गोष्ट सांगावीशी वाटते. १९७० च्या दशकाच्या मध्याला पाहणी झाली तेव्हा असं दिसलं होतं की गावोगावी बसवलेल्या हातपंपांपैकी चारातले तीन बंद आहेत. तेव्हाही सोपं उत्तर तयारच होतं, खेड्यातल्या लोकांना यंत्र वापरता येत नाही. खरं कारण वेगळं होतं. एका कुटुंबासाठी बनवलेले बिडाचे पंप अख्ख्या गावासाठी बसवले होते. मग आपल्याच जालना आणि सोलापूरकडच्या मिशनच्या कारागिरांनी मजबूत पंप बनवले, सोलापूरच्या पंपावरून ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. तोही दुरुस्त करायचा तर खालपासून सगळे पाइप वर ओढावे लागायचे, त्याला बाहेरून पथक यायला हवं. म्हणून पुढे ‘मार्क थ्री’ असा केला की आतला दट्ट्या पाइप न काढता, मोजक्या हत्यारांनी, गावातल्या माणसाला वर काढता येईल. यंत्र सुधारलं म्हणजे काय झालं? तर त्याची देखभाल, वापरणाऱ्याच्या हातात आली. माणसं तीच होती, गावं तीच होती.

तेव्हा ‘या भागात टिकत नाही’ हे वाक्य म्हणजे आळसाला दिलेलं भारदस्त नाव आहे. आणि त्या वाक्याची किंमत कॉफीपुरती राहत नाही. एकदा का ‘तिकडे टिकत नाही’ असं ठरलं, की मग इकडे पाठवताना जुनं पाठवायचं, हलकं पाठवायचं, आणि पाठवल्यावर विचारायला यायचं नाही. ते बंद पडलं की पुन्हा म्हणायला मोकळे, बघा, म्हटलं नव्हतं? कॉफी मशीन हे त्यातलं सगळ्यात फालतू उदाहरण, मलाही कळतं. पण फालतू आहे म्हणूनच ते वापरतोय. यात ना निधी लागतो, ना मंजुरी, ना वरून आदेश. पाच-दहा रुपयांचं लिंबूसत्त्व आणि एक तास. एवढंही आपण करत नसू तर मोठ्या यंत्रांबद्दल तोंड कुठल्या तोंडाने उघडायचं?

आपण यंत्रांना मान देत नाही असंही नाही. दसऱ्याला जव्हारात फिरून बघा. जीप, ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, शिलाई मशीन, झेरॉक्सचं मशीन, सगळ्यांना झेंडूचे हार, हळदीकुंकू. मला हे फार आवडतं. पण हार बाहेरून घालायचा आणि आत क्षार तसाच, याला पूजा कशी म्हणायची? दसरा नेमका पाऊस संपता संपता येतो, बोअर सुरू व्हायच्या बेताला. माझं तर ठरलेलं आहे. दसऱ्याला एकदा, संक्रांतीला, होळीला आणि मग मे महिन्याच्या सुट्टीत पाहुणे यायच्या आधी. चार सणांना चार वेळा. लक्षात ठेवायला दिवा नको, कॅलेंडर पुरतं.

तर घरोघरीच्या दादा-वहिनींनो, माळ्यावरचं ते ‘बिघडलेलं’ मशीन खाली काढा. टाकून देण्याआधी, आणि मोठ्या मनाने गावाकडे पाठवून देण्याआधी, एक लिटर आंबट पाणी त्यातून जाऊ द्या. चालू झालं तर ठेवा. नाहीच झालं तर मग खुशाल म्हणा, बिघडलं. आणि कार्यालयांतल्या साहेबलोकांनो, मशीनच्या बाजूला एक कागद चिकटवा. ‘नादुरुस्त’ लिहिलेला नव्हे. क्षार कोणी काढायचे त्याचं नाव आणि शेवटचे कधी काढले ती तारीख लिहिलेला. आणि हो, त्या लाल दिव्यावरची पट्टी तेवढी काढून टाका.